'सिस्टर' म्हणून हाक मारताना

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निमगाव केतकी हे गाव आहे. पंचक्रोशीत ते पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. आणि तुकोबारायांची पालखी अंथुर्णे सोडून निघाली की इंदापूरला पोहोचण्यापूर्वीचा मुक्काम याच गावी असतो. त्या एका रात्रीपुरते गाव कितीतरी पटींनी मोठे होते. पायांना फोड आलेले, जुलाबांनी गळून गेलेले, रक्तदाब वाढलेले वारकरी आरोग्य पथकाच्या मांडवाशी रांग लावतात. मांडवात टेबलामागे बसलेली बाई एकाची नाडी पाहते, दुसऱ्याला गोळी देते, तिसऱ्याच्या पायाला पट्टी बांधते आणि चौथ्याला क्षारसंजीवनीची पुडी पाण्यात कशी कालवायची ते सांगते. तिचे नाव कोणाला ठाऊक नसते. ते विचारण्याची गरजही वाटत नाही. 'सिस्टर, जरा बघा हो,' एवढे पुरते.

हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो की ख्रिस्ती, महाराष्ट्रातला रुग्ण परिचारिकेला 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतो. हा शब्द मूळचा आपल्या धर्मभगिनींचा आहे. तो इस्पितळात कसा आला आणि येताना आपल्याबरोबर काय काय घेऊन आला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार मनात येण्याचे कारण म्हणजे मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कानावर पडलेले एक वाक्य. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांनी काम बंद ठेवल्याची बातमी त्या आठवड्यात वर्तमानपत्रात होती. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ''गिरणी कामगारांनी संप केला तर समजू शकतो. पण सिस्टर लोकांनी? ती सेवा आहे हो.'' आजूबाजूच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. ज्या दोघीतिघी गप्प राहिल्या त्यांच्या मुली परिचारिका होत्या.

त्या गृहस्थांचे म्हणणे चटकन खोडून काढण्याजोगे नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच ख्रिस्तसभेचा आहे. १६३३ साली पॅरिसमध्ये संत विन्सेंट दे पॉल आणि संत लुईझ द मारिलाक यांनी 'दयेच्या कन्या' या संघाची स्थापना केली. तोवर धर्मभगिनी म्हटली की मठाच्या भिंती आल्याच. या संघाच्या भगिनी मात्र रस्त्यांवर, गरिबांच्या घरांत आणि इस्पितळांच्या खाटांशेजारी दिसू लागल्या. पुढे इंग्लंड प्रोटेस्टंट असूनही तेथील इस्पितळांत वॉर्डाची प्रमुख परिचारिका 'सिस्टर' याच नावाने ओळखली जाऊ लागली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी निघाल्या, तेव्हा त्यांच्यासोबतच्या ३८ स्त्रियांपैकी १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. इंग्रजी अमदानीत हीच व्यवस्था आणि हाच शब्द मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत आला आणि येथे तर प्रत्येक परिचारिकेला चिकटला.

आपल्या धर्मभगिनींनीही ही सेवा सहजासहजी मिळवलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना प्रसूतीचे काम करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांनी मनाई होती. भारतातील पडदानशीन स्त्री पुरुष डॉक्टरांकडे जात नव्हती आणि जी भगिनी तिच्याजवळ जाऊ शकत होती तिचे हात नियमाने बांधलेले होते. मेरी ग्लाउरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० साली गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या; वैद्यकी चालू ठेवण्यासाठी त्यांना थेट पोप महोदयांची खास परवानगी लागली. रावळपिंडीला काम केलेल्या ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगेल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेला वाहिलेला भगिनींचा संघ स्थापन केला आणि हा नियम बदलावा म्हणून रोमकडे चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने धर्मभगिनींना वैद्यकीची आणि प्रसूतिसेवेची मोकळीक दिली. सात वर्षांनी, १९४३ मध्ये, भगिनी मेरी ग्लाउरी यांच्याच पुढाकाराने भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली. नियम बदलून घेण्यासाठी वरिष्ठांपुढे वर्षानुवर्षे मागणी लावून धरणे म्हणजे सेवाभावाशी बेइमानी, असे त्या काळी कोणाला वाटले असेल तर वाटो. आज आपण या स्त्रियांकडे आदराने पाहतो.

परंतु धर्मभगिनी दारिद्र्याचे व्रत घेते ते स्वेच्छेने, समजून-उमजून, वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर. त्या व्रताच्या बदल्यात तिचा संघ तिला छप्पर देतो, ताटात अन्न देतो, आजारपणात व म्हातारपणी तिला सांभाळतो. तिच्या शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली पगारी परिचारिका असे कोणतेही व्रत घेत नाही. तिला घरभाडे द्यायचे असते, मुलांची फी भरायची असते, सासू-सासऱ्यांची औषधे आणायची असतात, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता फेडायचा असतो. आपण तिला 'सिस्टर' हे नाव दिले आणि नावाबरोबर व्रतही तिच्यावर लादून मोकळे झालो. तिचा पगार ठरवताना जणू तिच्यामागे एखादा मठ उभा आहे असाच हिशेब होत आला.

महाराष्ट्रात हा व्यवसाय सुरू झाला तोच मुळी अवहेलनेत. अनोळखी पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, ही कामे 'चांगल्या घरच्या' मुलींची नव्हेत असा समज होता. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उघडले. तेथे आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाला सुरुवात केली, आणि समान कामासाठी स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे हा आग्रहही धरला. त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिकांची शाळा सुरू झाली. पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनातर्फे विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा सनातनी समाजाचा रोष त्यांना पत्करावा लागला. अशा परिस्थितीत हे काम पुढे होऊन स्वीकारले ते बहुतांशी ख्रिस्ती मुलींनी. खेड्यापाड्यांतून मिशनच्या शाळेत शिकलेली, वसतिगृहात वाढलेली मुलगी परिचारिका झाली आणि तिच्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली. आपल्या धर्मग्रामांतल्या अनेक घरांची पहिली पक्की भिंत अशाच पगारातून उभी राहिलेली आहे, हे वयोवृद्ध वाचकांना वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. तीस कोटींच्या देशात प्रशिक्षित परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक! परिचारिका ज्या परिस्थितीत काम करतात ती शोचनीय असल्याचेही समितीने नमूद केले. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यानंतर समित्या येत राहिल्या, १९५४ साली, १९७३ साली, १९८७ साली. प्रत्येक समितीने राहण्याची सोय, कामाचे तास, रुग्णसंख्येच्या प्रमाणात परिचारिका, बढती अशा त्याच त्या गोष्टी नव्याने सांगितल्या. त्यांचे अहवाल वाचण्याइतकी सवड व चिकाटी ज्याच्यापाशी असेल त्याने ते जरूर वाचावेत. परिचारिका एकदम रस्त्यावर आल्या असे मग त्याला वाटणार नाही.

आता मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे वळतो, कारण चर्चच्या आवारात त्या गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच सापडते.

२७ नोव्हेंबर १९७३. परळच्या या महापालिका रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपवून घरी निघण्याच्या तयारीत होत्या. त्या कारवार किनाऱ्यावरच्या हळदीपूरच्या. कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत असे त्या प्रयोगशाळेच्या विभागात त्या काम करीत होत्या आणि लवकरच त्यांचे लग्न व्हायचे होते. तेथील एका सफाई कामगाराने त्यांना गाठले, कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि अत्याचार केला. मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. पण त्यांची दृष्टी, वाचा आणि भान गेले ते पुन्हा कधी परतले नाही. आरोपीला शिक्षा झाली ती जीवे मारण्याचा प्रयत्न व चोरी यांबद्दल, सात वर्षांची. अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

या घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. अरुणाला योग्य उपचार मिळावेत आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. कपडे बदलायला धड खोली नाही, रात्री ओसाड कॉरिडॉरमधून एकटीने जावे लागते, तक्रार करावी तर ऐकणारा कोणी नाही, ही प्रत्येक रुग्णालयातली गोष्ट होती. तेव्हाही 'रुग्णांना वाऱ्यावर सोडून' असे म्हणणारे असतीलच. पण वाऱ्यावर कोणाला सोडले होते, ते त्या प्रयोगशाळेच्या तळघराने दाखवून दिलेले होते.

कथा येथे संपत नाही. अरुणा शानभाग यांना वॉर्ड क्रमांक चारच्या लगतच्या खोलीत ठेवण्यात आले. संप मिटला, वर्षे गेली, आणि परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा हाती घेतली ती सोडली नाही. १९८०च्या दशकात महापालिकेने ही खाट मोकळी करून त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा के. ई. एम.च्या परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. ज्यांनी अरुणाला पाहिलेही नव्हते अशा मुली नव्याने नोकरीला लागत, त्यांना त्या खोलीची ओळख करून दिली जाई. भरवणे, स्नान घालणे, कूस बदलणे अखंड चालू राहिले. एवढ्या वर्षांत अंथरुणावरचे व्रण त्यांना होऊ दिले नाहीत, याची नोंद वैद्यकीय तज्ज्ञांनी घेतली.

पुढे लेखिका पिंकी विराणी यांनी, या जीवनाला जीवन म्हणता येणार नाही आणि अरुणाला त्यातून सोडवावे, अशा भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचा हेतू करुणेचा नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला. काही काटेकोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्या निकालाने देशात प्रथमच खुली केली. मात्र अरुणाच्या बाबतीत अर्ज फेटाळला, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा असेल तर तो रात्रंदिवस तिची काळजी घेणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा, असे ठरवले. त्या दिवशी रुग्णालयात परिचारिकांनी पेढे वाटले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानभाग यांचे निधन झाले. ४२ वर्षे त्या या हातांमध्ये होत्या.

ज्या हातांनी संपाचा फलक धरला त्याच हातांनी ४२ वर्षे घास भरवला. १९७३ चा संप, ८०च्या दशकातील आंदोलन आणि ही शुश्रूषा अशा तीन वेगळ्या गोष्टी मला काढून दाखवता येत नाहीत. मानवी जीवनाच्या पावित्र्यावर आपण प्रवचने ऐकतो. त्याचा एक धडा परळच्या एका महापालिका रुग्णालयात, बहुतांशी ख्रिस्ती नसलेल्या परिचारिकांनी गिरवून दाखवला.

ख्रिस्तसभेची शिकवण संपाविषयी काय सांगते, हे आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. १५ मे १८९१ रोजी परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. संपाने उद्योगाची व समाजाची हानी होते हे त्यांनी स्पष्ट म्हटले. पण त्याबरोबरच कामाचे तास फार लांबलेले असणे, काम अति कष्टाचे असणे आणि वेतन अपुरे असणे ही त्यामागची कारणे सांगून, ती वेळीच दूर करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे असे बजावले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये, वाटाघाटींचे मार्ग आधी चोखाळून, अखेरचे साधन म्हणून संप आवश्यक ठरू शकतो हे मान्य केले.

त्यानंतरचे परिपत्रक विशेष आठवणीचे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांना 'रेरुम नोव्हारुम'च्या ९० व्या वर्षदिनी, १५ मे १९८१ रोजी, मानवी श्रमावरील आपले परिपत्रक प्रसिद्ध करायचे होते. दोनच दिवस आधी, १३ मे रोजी, संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि परिपत्रक रखडले. रुग्णालयातून परतल्यावरच त्यावर अखेरचा हात फिरवता आला, असे त्यांनी स्वतःच त्याच्या शेवटी लिहिले आहे. 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' १४ सप्टेंबर १९८१ रोजी बाहेर पडले. त्यात, योग्य परिस्थितीत व योग्य मर्यादेत संप हे न्याय्य साधन आहे, त्यात भाग घेणाऱ्याला वैयक्तिक शिक्षेची धास्ती नसावी, पण ते अखेरचे साधन आहे आणि समाजजीवनाला अत्यावश्यक अशा सेवा कोणत्याही परिस्थितीत चालू राहिल्या पाहिजेत, असे ते सांगतात. आठवड्यामागून आठवडे स्वतः खाटेवर पडून परिचारिकांच्या हातून औषध घेतलेल्या माणसाने हा मजकूर अखेरचा तपासला, हे मला महत्त्वाचे वाटते. अत्यावश्यक सेवा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारण सांगताना 'रेरुम नोव्हारुम'चाच उल्लेख केला.

अत्यावश्यक सेवा चालू ठेवून संप करता येतो का? येतो. इंग्लंडमधील परिचारिकांची मोठी संघटना, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, १९१६ साली स्थापन झाली. संप करायचा नाही हा तिचा नियम १९९५ पर्यंत होता. तो नियम काढल्यावरही तिचे सभासद प्रथम संपावर गेले ते २०१९ च्या डिसेंबरात, उत्तर आयर्लंडमध्ये. आणि डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे त्या संघटनेच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप झाला. त्या दिवसांत कर्करोगाचे रासायनिक उपचार, डायलिसिस, अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांचे कक्ष चालू ठेवले होते. तेथे काम करणाऱ्यांत भारतातून गेलेल्या परिचारिका हजारोंनी आहेत, आणि त्यांत केरळच्या कॅथलिक घरांतील मुली पुष्कळ.

केरळचे नाव निघाले तर पुढची गोष्ट टाळता येत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत मराठी परिचारिकेच्या बरोबरीने केरळची परिचारिका दिसते. ती कर्ज काढून शिकलेली असते. नोकरीवर घेताना तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची, आणि मुदतीपूर्वी सोडायचे झाल्यास हजारो रुपये भरण्याचा बाँड लिहून घ्यायचा, अशी रीत अनेक ठिकाणी पडली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईच्या एका नामांकित खासगी रुग्णालयातील तरुण केरळी परिचारिकेने जीवन संपवले आणि तिच्या सहकारी कामावरून बाहेर पडल्या. त्या वर्षी दिल्ली, कोलकाता व केरळ येथेही परिचारिकांचे संप झाले. त्रिशूरला त्याच वर्षी परिचारिकांची नवी संघटना उभी राहिली.

तिची लढाई रस्त्यावर चालली, आणि भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाने न्यायालयातही दाद मागितली. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीच्या शिफारशी सोप्या होत्या. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकेच वेतन असावे. १०० हून अधिक खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. या शिफारशींना कायद्याचे बळ देणे राज्यांवर सोडले होते, आणि पुष्कळ राज्यांत त्या कागदावरच राहिल्या. केरळमध्ये २३ एप्रिल २०१८ रोजी किमान वेतनाची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी चेरतला येथून तिरुवनंतपुरमपर्यंत परिचारिकांची पदयात्रा निघायची होती, ती त्यामुळे रद्द झाली. अधिसूचनेची वेळ पाहिली की पायी चालण्याची नुसती तयारीसुद्धा किती काम करते, ते दिसते.

यात आपल्याला अवघड वाटावी अशी बाजू आहे. केरळच्या खासगी रुग्णालयांपैकी कितीतरी ख्रिस्ती संस्थांची आहेत, आणि संप त्यांच्याही दारात झाले. व्यवस्थापनाच्या खुर्चीत धर्मगुरू, फाटकाबाहेर घोषणा देणारी त्यांच्याच धर्मग्रामातली मुलगी, असे दृश्य दिसले. २०१७ च्या जुलैमध्ये तेथील कॅथलिक रुग्णालयांनी परिचारिकांचे वेतन वाढवण्याचा निर्णय जाहीर केला तो आंदोलन पेटलेले असताना. त्यापूर्वी का नाही, हा प्रश्न तेथील श्रद्धावंतांनी विचारला, तो रास्तच होता. संस्थांचीही अडचण खोटी नव्हे. गरीब रुग्णाचे बिल कमी ठेवायचे, धर्मभगिनींची संख्या घटत चाललेली, यंत्रे महागडी. पूर्वी जे काम दहा भगिनी विनावेतन करीत त्यासाठी आता दहा पगार द्यावे लागतात. पण ही तूट भरून काढण्याचा भार सर्वांत कमी पगाराच्या बाईवर पडावा, हे कोणत्या न्यायाने? गरिबाला स्वस्त उपचार द्यायचे असतील तर त्यासाठी देणग्या मागाव्यात, सरकारकडे हात पसरावेत. परिचारिकेच्या पाकिटातून न सांगता वर्गणी घेऊ नये.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत संघर्ष झाला तो मुख्यतः सरकारशी. जून २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातील परिचारिकांनी रिक्त पदे, जोखीम भत्ता व रजा या प्रश्नांवर काम बंद ठेवले. वर्षभर आधी त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या, हे येथे आठवावे. त्याच महिन्यात आशा सेविकांचा संप १५ ते २३ जूनपर्यंत चालला आणि मासिक १,००० रुपये मानधनवाढ व ५०० रुपये कोविड भत्ता यांवर मिटला. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस परिचारिका पुन्हा बेमुदत संपावर गेल्या. या वेळी मुख्य विरोध होता तो परिचारिकांची पदे बाह्य संस्थेमार्फत कंत्राटाने भरण्याला. २०२५ च्या १८ जुलैपासून पुन्हा बेमुदत संप झाला. वेतनातील त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच दोन विषय पुन्हा पुढे आले. यांतील प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि सरकारी रुग्णालयात ताटकळणारा माणूस गरीबच असतो. श्रीमंताची शस्त्रक्रिया दुसरीकडे ठरलेल्या दिवशी होते. संपाचे समर्थन करणाऱ्याने ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. मीही करीत नाही. फक्त त्याच गरिबाच्या वॉर्डात ५० रुग्णांमागे रात्री एकच परिचारिका असते तेव्हा त्याचे जे हाल होतात, त्यांची बातमी होत नाही, एवढे माझे म्हणणे आहे.

निमगाव केतकीसारख्या गावात या प्रश्नाचा चेहरा थोडा निराळा आहे. येथे मोठे रुग्णालय नाही; आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखालची उपकेंद्रे, आरोग्य सेविका आणि आशा. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, साथीच्या दिवसांतली घरभेट हे सारे त्यांच्याच पायांवर चालते. यांतील कितीतरी जणी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर आहेत. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांना संपावर जावे लागले. त्या वर्षी आषाढी एकादशी ६ जुलैला होती. म्हणजे पालखीमार्गावर वारकऱ्यांची सेवा होऊन दीड महिनाही झाला नव्हता.

चर्चच्या आवारातल्या त्या गृहस्थांनी 'सेवा' म्हणताना शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाचे उदाहरण दिले होते. उदाहरण चांगले आहे. ते शेवटपर्यंत वाचावे. शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, एक रात्र त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचे होते. मग त्याने उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द दिला. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. पुढची शुश्रूषा ज्याच्यावर सोपवली त्याला 'ही सेवा आहे, फुकट कर' असे तो म्हणाला नाही. दया त्याची स्वतःची होती, तिचा खर्च त्याने दुसऱ्याच्या माथी मारला नाही.

दरवर्षी १२ मे रोजी, नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. त्या सुमारास कितीतरी धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सानंतर परिचारिकांना पुढे बोलावून फूल देतात, टाळ्या होतात. ही प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. पण फूल देणाऱ्यांतले कोणी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, कोणी नर्सिंग होमचे मालक असतील, कोणी जिल्हा परिषदेत ओळख असलेले असतील. त्यांनी त्या दिवशी रांगेतल्या मुलींना तास किती भरतात, रजा मिळते का, प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात आहेत, एवढे विचारावे. आणि पुढच्या आषाढात पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला येईल, तेव्हा मांडवात पट्टी बांधून घेणाऱ्यानेही, सिस्टर म्हणून हाक मारल्यावर, तिच्या हातातली ऑर्डर किती महिन्यांची आहे ते एकदा तिला विचारून पाहावे.